बचावपटूने धावायचे कुठे?

मावळात पावसाळा सुरू झाला की लोणावळ्यापासून वडगावपर्यंत मैदानांवर चिखल होतो. मग फुटबॉल घरात शिरतो, म्हणजे मोबाईलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर. आणि तक्रार ऐकू येते : "आमचा बचावपटू बावळट आहे, नुसता मागे मागे धावतो." हा बावळटपणा येतो कुठून? तो घालवता येईल का? पाहू या.

पडद्यावरचा खेळाडू स्वतः काही ठरवत नाही. त्याला काही नियम आणि काही आकडे दिलेले असतात. संगणक दर सेकंदाला अनेकदा तेच नियम लावून त्याला एकेक छोटे पाऊल टाकायला लावतो. चौकटीच्या कागदावर आपणही हे करू शकतो.

समजा, 'अ' चेंडू घेऊन बाजूच्या रेषेवरून सरळ पुढे धावतो आहे. बचाव करणारा 'ब' त्याच्या 4 मीटर पुढे, पण रेषेपासून 8 मीटर आत आहे. दोघांचा वेग सारखाच, सेकंदाला 5 मीटर.

नियम पहिला : चेंडू आता जिथे आहे तिकडे धाव. प्रत्येक टाळीला 'अ' एक मीटर पुढे जाईल आणि 'ब' त्याच्या रोखाने एक मीटर. 'ब'चा मार्ग वाकत जातो आणि शेवटी तो 'अ'च्या पाठीमागे लागतो. सुरुवातीचे सुमारे 9 मीटर अंतर घटत अडीच-तीन मीटरवर येते आणि तिथेच अडकते. वेग सारखा असेपर्यंत 'अ' कधीच हाती लागत नाही.

नियम दुसरा : चेंडू जिथे असेल तिकडे धाव. 'अ'च्या 10 मीटर पुढचा बिंदू घ्या. तिथे पोचायला 'ब'ला 6 मीटर पुढे आणि 8 मीटर आडवे जायचे आहे. पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे हे अंतर बरोबर 10 मीटर! दोन सेकंदांत दोघांची गाठ पडते. पाय तेच, वेग तोच; बदलला फक्त नियम.

पण 'अ'ने मध्येच हुलकावणी दिली तर? 'ब'ने प्रत्येक पावलाला नवा बिंदू काढला पाहिजे. हे तो क्षणात करू लागला, तर त्याला चुकवणे माणसाला फार अवघड होईल आणि खेळातली मजाच जाईल. म्हणून त्याच्या प्रतिसादाला मुद्दाम थोडा उशीर ठेवावा लागतो. तो किती, हाही एक आकडाच.

कबड्डीतला कोपरारक्षक चढाईपटूवर लगेच झेपावत नाही. अंतर राखून संधीची वाट पाहतो. 2011 साली आलेल्या 'फिफा 12' या खेळात असाच बदल झाला. पूर्वी बटण दाबून धरले की बचावपटू आपोआप चेंडूवर चालून जाई. नव्या पद्धतीत त्याने अंतर राखून वाट अडवायची आणि चेंडूवर पाय कधी घालायचा हे खेळणाऱ्याने ठरवायचे, असे झाले. जुनी पद्धत हवी असणाऱ्यांसाठी तीही ठेवलेली होती.

वर्गात मुलांना एकच आकडा बदलायला सांगा : 'ब'चा वेग, उशीर किंवा सुरुवातीची जागा. बाकी सारे तसेच ठेवून वीस वेळा खेळा आणि 'ब' किती वेळा यशस्वी झाला ते मांडा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही प्रयोगाची शिस्त मुले खेळता खेळता शिकतील. आणि पुढच्या वेळी बचावपटूला बावळट म्हणण्याआधी विचारतील : याला नियम कोणता दिला आहे?