न दिसणारा श्रोता : दूरसंपर्काद्वारे समुपदेशन

संसारातील काही दुःखे अशी असतात की ती जवळच्या माणसांनाच सांगता येत नाहीत. लग्नाला दोन वर्षे होऊनही पतीशी मोकळेपणाने बोलणे होत नाही. मुलगा परीक्षेत नापास झाल्यापासून घराबाहेर पडत नाही. खाजगी कर्जाची गोष्ट घरात लपवून ठेवली आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करता करता मन विटून गेले आहे. यांपैकी एकही आजार नव्हे. तरीही माणूस यांनी आतून पोखरला जातो. शेजारी सांगावे तर गोष्ट गावभर होते, आणि माहेरी सांगावे तर आईवडिलांच्या जिवाला घोर लागतो. अशा वेळी आपल्याला न ओळखणारा, परंतु जाणता असा कोणी ऐकणारा मिळाला तर मन मोकळे होते. दूरध्वनी, संगणक वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून मिळणाऱ्या समुपदेशनाचा पाया नेमका हाच आहे.

ही कल्पना मराठी माणसाला अगदीच नवी आहे असे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले व १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. त्यात वाचक आपल्या वैवाहिक व लैंगिक जीवनातील अडचणी पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना छापील उत्तरे देत. या प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. १९३४ साली न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. तरीही कर्वे यांना दंड झालाच. समोरासमोर जे ओठावर येत नाही ते दुरून सांगता येते, याचा तो मराठीतील जुना दाखला होय.

येथे 'समुपदेशन' या शब्दाविषयी थोडे लिहिणे अस्थानी होणार नाही. या शब्दाच्या पोटात 'उपदेश' दडलेला आहे, आणि त्यामुळेच पुष्कळांचा गैरसमज होतो. प्रशिक्षित समुपदेशक उपदेश करीत नाही. "सहन करा, सर्व ठीक होईल" असेही तो म्हणत नाही आणि "वेगळे व्हा" असेही सांगत नाही. तो ऐकतो, प्रश्न विचारतो, गुंता सुटा करून समोर ठेवतो. निर्णय ज्याचा त्याने घ्यावयाचा असतो. गावातील वडीलधाऱ्यांची समजूत घालण्याची पद्धत व ही पद्धत यांतील मुख्य अंतर हे आहे.

राज्यात कौटुंबिक समुपदेशनाला संस्थात्मक रूप येऊ लागले ते १९८४ च्या सुमारास. त्या वर्षी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला आणि त्याच वर्षी संमत झालेल्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमात समुपदेशकांची तरतूद झाली. परंतु या दोन्ही ठिकाणी पायरी चढून जावे लागे. पुढे २०१२ मध्ये त्याच संस्थेने 'आयकॉल' ही सेवा सुरू करून दूरध्वनी, ई-मेल व लेखी संवादातून समुपदेशन उपलब्ध केले. केंद्र शासनाने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात घोषित केलेला राष्ट्रीय दूरमानसिक आरोग्य कार्यक्रम, म्हणजेच 'टेलि-मानस', १० ऑक्टोबर २०२२ रोजी प्रत्यक्षात आला. १४४१६ या क्रमांकावर तो अहोरात्र व विनामूल्य चालतो. फेब्रुवारी २०२५ पर्यंत देशात ५३ कक्ष स्थापन झाले होते व १८ लाखांहून अधिक दूरध्वनी हाताळले गेले होते.

या सेवेचे कार्य दोन टप्प्यांत चालते. दूरध्वनी करणाऱ्याने प्रथम भाषा निवडावयाची. मराठी त्यांत आहेच. त्यानंतर प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. बहुसंख्य अडचणी येथेच हाताळल्या जातात. आजाराची लक्षणे दिसल्यास दुसऱ्या टप्प्यावर मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे प्रकरण जाते आणि गरज भासल्यास जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रुग्णालयाशी जोडून दिले जाते. पैसे नाहीत, वाहन नाही, लोक काय म्हणतील, या तिन्ही अडचणी पहिल्या टप्प्यापुरत्या तरी दूर होतात.

मात्र दूरध्वनी आहे म्हणजे तो आपल्या हाती आहे असे नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येणारा भ्रमणध्वनी होता. ग्रामीण भागात हे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते. म्हणजे खेड्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना पती, सासू अथवा मुलगा यांच्याकडून यंत्र मागून घ्यावे लागे. ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याच्याच यंत्रावरून, त्याच्याच घरात बोलावयाचे! शिवाय कोणता क्रमांक लावला हे यंत्रात नोंदले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते या सेवेचे यश जितके समुपदेशकाच्या कौशल्यावर, तितकेच एका बंद दारावर अवलंबून आहे.

हे दार गावातच उपलब्ध होऊ शकते. ग्रामपंचायत कार्यालय, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी किंवा शाळा यांपैकी एका ठिकाणी आठवड्यातून ठराविक वेळी एक खोली व एक दूरध्वनी मोकळा ठेवता येईल. त्या वेळेला 'आरोग्यविषयक माहिती' असे साधे नाव द्यावे. 'समुपदेशन कक्ष' अशी ठळक पाटी लावल्यास तेथे कोणी फिरकणार नाही. कोण आले, काय बोलले याची नोंदवही ठेवू नये. शासकीय कामात नोंदीविना काम होत नाही ही आपली सवय आहे. येथे ती मोडावी लागेल.

१५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेमुळे कौटुंबिक कलह समितीपुढे येऊन मिटविण्याची सवय अनेक गावांना लागली. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि समितीपुढे येते ते भांडण, तेही चव्हाट्यावर आल्यावर. त्यापूर्वीची अनेक वर्षांची घुसमट समितीला दिसत नाही आणि दिसली तरी पाच-सात पंचांपुढे ती उघड करणे सूनबाईला शक्य होत नाही. अशा व्यक्तीला सदस्याने बाजूला घेऊन क्रमांक सांगावा. पुढे काय झाले याची चौकशी करू नये.

कायद्याविषयीची भीतीही पुष्कळांना मागे खेचते. २९ मे २०१८ पासून अंमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराची व उपचाराची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे हाच अधिनियम गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेचे कलम ३०९ नाही. "जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते" असे कोणी म्हटले तर पोलीस येतील, ही धास्ती पोलीस पाटील व शिक्षक यांनी आवर्जून दूर करावी. अशा व्यक्तीला एकटे सोडू नये आणि समुपदेशकाशी बोलणे होईपर्यंत जवळ बसावे.

गोपनीयतेला एक अपवाद आहे व तो शिक्षकांना ठाऊक असलाच पाहिजे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या बालक लैंगिक अत्याचार प्रतिबंधक अधिनियमानुसार ते पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. तेथे समुपदेशन पुरेसे नाही.

खाजगी समुपदेशकांचीही पडद्यावर आता गर्दी झाली आहे. त्यांत उत्तम जाणकार आहेत, तसेच चार दिवसांच्या वर्गाच्या बळावर पाटी लावलेलेही आहेत. शुल्क भरण्यापूर्वी शिक्षण कोणते, अनुभव किती, बोलणे ध्वनिमुद्रित होते काय, हे विचारण्यात संकोच नको. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहता येते. लग्न टिकविण्याची हमी देणारा, किंवा पहिल्याच भेटीत वीस बैठकींचे पैसे मागणारा, दुरूनच टाळावा.

आणि घरात मारहाण होत असेल तर संवाद सुधारण्याच्या गोष्टी नंतर. अशा स्त्रीला प्रथम ११२ किंवा १८१ हे क्रमांक द्यावेत आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाखालील संरक्षण अधिकाऱ्याशी गाठ घालून द्यावी. त्यांचे नाव व कार्यालयाचा पत्ता प्रत्येक ग्रामसेवकाकडे लिहून ठेवलेला असावा.