नरम लायनर की कडक? पारशिवनीतल्या ट्रक गॅरेजचा एक दिवस

सकाळी ७
शटर वर गेलं की पहिलं काम कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढून टाकायचं. ट्रकच्या हवेच्या टाक्यांचंही तेच. त्यात साचलेलं पाणी व्हॉल्व्हमध्ये शिरलं की ब्रेक कधी लागतो, कधी अडकून बसतो. रात्री दोन गाड्या उभ्या करून गेलेत. एक दहाचाकी टिपर आहे, रेतीचा, कधी कन्हान पट्ट्यातल्या खाणींचा कोळसा भरणारा. दुसरा ट्रक तांदळाचा. तो आमडी फाट्यावरून ४४ नंबरच्या हायवेला लागतो आणि मनसर, देवलापार, खवासा करत कुरई घाटातून सिवनी-जबलपूरला जातो. दोन्ही गाड्यांच्या ब्रेकचं लायनर बदलायचं आहे आणि दोन्ही मालकांचा निरोप एकच : ‘कडक टाका.’

सकाळी ८
आधी टिपर. पुढच्या चाकांना गुटके लावले, मगच मागचा एक्सल जॅकवर घेऊन खाली घोड्या दिल्या. मागच्या चेंबरमध्ये पार्किंग ब्रेकची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. हवा संपली तरी गाडी जागेवर राहते ती तिच्या जोरावर. नवीन पोऱ्याला पहिल्या दिवशीच सांगतो : स्प्रिंगचा बोल्ट कसून तिला बांधल्याशिवाय शूला हात लावायचा नाही, आणि तो चेंबर तर कधीच खोलायचा नाही. आत कोंडलेला जोर माणसाचा जीव घेऊ शकतो.

ड्रम निघाला. आतली धूळ हवेनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. आपल्या देशात क्रायसोटाइल अॅस्बेस्टॉसवर अजून पूर्ण बंदी नाही, त्यामुळे जुन्या लायनरमध्ये ते असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की त्रास अनेक वर्षांनी उमटतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली अॅस्बेस्टॉस कामगारांच्या तपासणीबद्दल आदेश दिले, ते कारखान्यांसाठी. रस्त्याकाठच्या गॅरेजवाल्याला त्याचं फडकंच वाचवतं.

सकाळी ९.३०
टिपरचा मालक आला.

“मिस्त्रीभाऊ, कडकच टाका जी. वर्षभर पाहाचं कामच नाई पडलं पायजे.”

“गाडी घाटात जाते का?”

“कायचा घाट जी! नदीतून निंगाली का कामठी, नाईतर नागपूर.”

“मंग कडक कायले पायजे तुमाले?”

मी त्याचा हात ड्रमच्या आत फिरवला. बोटाला नाल्या लागल्या, काठाशी जाड कंगोरा लागला. मागच्या वेळी दुसरीकडून टाकलेलं लायनर कडक होतं. ते टिकलं, पण ड्रम खाऊन टिकलं. त्यात नदीतली रेती. ओल्या रेतीचा कण लायनर आणि ड्रमच्या मधे सापडला की नरम लायनर त्याला पोटात घेतं, कडक लायनर त्यालाच ड्रमवर घासतं. लायनरच्या सेटपेक्षा ड्रम कितीतरी महाग.

दुसरी गोष्ट थंड ब्रेकची. रेतीची गाडी सपाट रस्त्यावर चालते, तिचे ड्रम घाटातल्याइतके तापत नाहीत. कडक लायनर गार असताना नीट चावत नाही. ड्रायव्हर मग पेडल जोरात दाबतो, आणि सकाळच्या पहिल्या फेरीत गाडी त्याच्या अंदाजापुढे जाऊन थांबते. मालक काही बोलला नाही, पण ‘टाका मंग तुमच्या मनानं’ म्हणून चहा सांगायला गेला.

सकाळी ११
ड्रम लेथवर पाठवला. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो. खरडून त्याच्या पुढे जात असेल तर ड्रम भंगारात. केसाएवढ्या तडा जाळीसारख्या असतील तर त्या उष्णतेच्या, पण एखादी तड काठापर्यंत गेली असेल तर तो ड्रम परत चढवायचा नाही.

तोवर लायनर निवडलं. काठावर कंपनीच्या नावाजवळ इंग्रजी अक्षरांची जोडी छापलेली असते. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. यातलं एकही अक्षर लायनर किती टिकेल ते सांगत नाही, की नरम आहे की कडक तेही नाही. दुकानदार ‘हार्ड’ म्हणतो म्हणून ते पकडेलच असं नाही. म्हणून मी आधी अक्षरं पाहतो, मग काठावर फाईल मारून पाहतो, आणि एका एक्सलच्या दोन्ही बाजूंना एकाच बनावटीचं, एकाच ग्रेडचं लायनर लावतो. डावीकडे नरम, उजवीकडे कडक झालं तर गाडी ब्रेक दाबताच एका बाजूला ओढते.

रिवेट मारताना मधल्या भोकापासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं. टोकांपासून मारत आलं तर लायनर मधे फुगतं. शेवटी शू आणि लायनर यांच्या फटीत फिलर गेज सरकवून पाहायचं. पातळ पट्टीसुद्धा आत शिरली तर लायनर बसलेलं नाही.

दुपारी १
डबा. पोरं सावलीत आडवी झाली. एक पिकअपवाला पुढचे ब्रेक पॅड दाखवून गेला. छोट्या गाडीला पुढे डिस्क असते, तिचं पॅड दहा मिनिटांत बाहेर येतं. दहाचाकीला ड्रम, तिथं अर्धा दिवस जातो.

दुपारी २
आता जबलपूरचा ट्रक. याला कडक, म्हणजे उष्णता सोसणारं लायनर हवं. तीन एक्सलच्या गाडीचं एकूण वजन २०१८ साली २५ वरून २८.५ टन करण्यात आलं. भरलेली गाडी ताशी ६० किलोमीटरवरून एकदा थांबवली तर निघणाऱ्या उष्णतेत बारा लिटर गार पाणी उकळेल. तीच गाडी १०० मीटर उंचीवरून फक्त ब्रेकवर खाली आणली तर ही उष्णता सातपट होते, आणि बहुतेक सगळी लायनर आणि ड्रममध्येच जिरते. नरम लायनर एवढ्या तापात पकड सोडतं. शिवाय तापलेला ड्रम फुगतो, लायनरपासून लांब जातो, आणि चेंबरचा दांडा आधीपेक्षा जास्त बाहेर येऊ लागतो. शूची फट जुळवणारा स्लॅक ढिला असेल तर दांड्याची मजल संपते आणि पुढे ब्रेकच उरत नाही.

ड्रायव्हर तरुण आहे, पहिल्यांदाच या मार्गावर चाललाय. त्याला सांगितलं, “ज्या गिअरनं चढशील त्याच गिअरनं उतर. पेडलवर पाय ठेवून घाट उतरू नको. कडक लायनर टाकलं म्हणून बिनधास्त सुटशील तर तेबी जळते.”

“एक्झॉस्ट ब्रेक हाय ना मिस्त्री.”

“हाय, पन तुह्या गाडीचा बंद हाय. आधी तो सुरू करू.”

व्हॉल्व्ह जाम होता, तो सोडवला. तासभर गेला, पण घाटात लायनरच्या निवडीपेक्षा त्या तासाचाच उपयोग जास्त.

संध्याकाळी ५
टिपर आमडीच्या रस्त्यावर नेला. नवीन लायनर ड्रमवर बसायला वेळ लागतो. ताशी चाळीसवरून पंधरावर हलकेच आणायचं, थोडं चालवायचं, पुन्हा आणायचं. एकदम जोरात दाबलं तर लायनरवर काचेसारखी चकाकी धरते आणि पकड जाते. परत आल्यावर टेंपरेचर गन चाकांवर फिरवली. डावं मागचं चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम निघालं, म्हणजे शू मागे येत नव्हता. स्लॅक अर्धा फेरा सैल केला, दुसऱ्या फेरीत आकडे जुळले.

संध्याकाळी ७
वहीत नोंद केली. गाडीचा नंबर आणि किलोमीटरचा आकडा, लायनरची अक्षरं, ड्रमचा व्यास, आणि शेवटचा रकाना ‘मार्ग’. हा रकाना मी लायनर निवडायच्या आधी भरतो. मालक, ड्रायव्हर बदलतात, पण पुढच्या वेळी लायनर निवडताना तोच कामाचा.

पैसे मोजताना टिपरच्या मालकाला एकाएकी आठवलं.

“मिस्त्रीभाऊ, पुढच्या मयन्यात गाडी छिंदवाड्याले लावाची हाय.”

सावनेर, सौंसर, मग सिल्लेवानी घाट. मी पेन पुन्हा उघडलं.

“मंग हे लायनर तिथं चालनार नाई, भाऊ. जायच्या आधी गाडी घेऊन या.”

“दोनदा खर्च?”

“शू तेच राह्यतील, ड्रम आताच खरडला हाय. फक्त लायनरचा खर्च. घाटात एक ड्रम फुटला तर त्याच्याहून जास्त जाते, अन माल अडकते ते येगळंच.”

तो थोडा वेळ बिलाकडे पाहत राहिला आणि मग तारीख विचारली. वहीत त्याच ओळीखाली मी नवीन मार्ग लिहिला आणि समोर ‘कडक, एक्झॉस्ट ब्रेक तपासणे’ एवढी नोंद केली.