त्याने माफी मागितली, म्हणजे झालं?

वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं असतं, ते तुम्हीही पाहिलं असेल. 'फार रडवलं', 'शेवट पटला नाही', नाहीतर खुनी कोण ते पहिल्याच पानावर! मागच्या महिन्यात मी आमच्या गावच्या वाचनालयातून एक कादंबरी आणली. तिच्यात एका पानाच्या कडेला तीनच शब्द होते, 'हे प्रेम नाही.'

गोष्ट नेहमीचीच. नायक श्रीमंत आणि रागीट. जुन्या वैराचा सूड म्हणून तो नायिकेशी लग्न करतो. पहिल्याच रात्री, ती नको नको म्हणत असताना, तिच्यावर जबरदस्ती करतो. पुढची दोनशे पानं ती झुरते, तो हळूहळू विरघळतो, शेवटी माफी मागतो आणि ती त्याच्या मिठीत!

खरं सांगू? कॉलेजात असताना अशा कादंबऱ्या मी उशीखाली लपवून वाचल्यात. तेव्हा असलं पान मला खटकायचं नाही. उलट, 'किती वेडा झालाय तिच्यासाठी' असंच वाटायचं. म्हणूनच ते तीन शब्द मला जास्त लागले.

दर गुरुवारी दुपारी आम्ही दहा-बाराजणी वाचनालयात जमतो. पुस्तक तिथे नेलं. नुकतंच लग्न झालेली एकजण लगेच म्हणाली, "पण काकू, नंतर तो किती बदलतो!" त्यावर आमच्या सिस्टर, म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई, म्हणाल्या, "अगं, लग्नानंतर चार दिवसांत दवाखान्यात आणलेल्या मुली पाहिल्यात मी. दारात सासू उभी आणि मुलगी म्हणते, पडले. त्यांचा नवरा कितव्या पानावर बदलला, ते मला काही दिसलं नाही बाई."

कोणीच काही बोललं नाही.

मैत्रिणींनो, हा प्रश्न फक्त आपल्याला पडलाय असं नाही. जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1984 साली एक पुस्तक लिहिलं. एका शहरातल्या, प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी त्या बोलल्या होत्या. या बहुतेक घर सांभाळणाऱ्या, वाचनाचा वेळ हाच काय तो आपला स्वतःचा मानणाऱ्या. प्रेमकथेत काय मुळीच नको, असं विचारल्यावर बलात्कार आणि दुःखी शेवट ही उत्तरं ठळकपणे आली. पण गंमत पाहा. याच बायकांच्या आवडत्या पुस्तकांत 1972 सालची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' ही कादंबरीही होती आणि तिच्यात नायक नायिकेवर बळजबरी करतो! का आवडली? तर त्याचा म्हणे गैरसमज झाला होता. ती वेगळ्या प्रकारची बाई आहे असं त्याला वाटलं. म्हणजे कारण सापडलं, की आपण माफ करून मोकळ्या. मी उशीखालच्या पुस्तकांना असंच माफ केलं होतं.

तिथल्याच 'जनरल हॉस्पिटल' या मालिकेची गोष्ट तर याहून बोलकी आहे. 1979 साली तिच्यात ल्यूकने लॉरावर बलात्कार केला. पुढे तीच जोडी लोकप्रिय झाली, तसा त्या प्रसंगाला बलात्कार म्हणायचंही बंद झालं. 1981 मध्ये त्यांचं लग्न सुमारे तीन कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिलं. मालिकेला त्या जुन्या प्रसंगाकडे पुन्हा वळायला 1998 साल उजाडलं. मुलाला सगळं कळलं आणि त्याने बापाला जाब विचारला.

"अहो, गोष्टच ती, एवढं काय मनावर घ्यायचं?" असं कोणी म्हणेल. पण 'त्याच्याशीच लग्न लावून द्या, म्हणजे अब्रू राहील' हा सल्ला आपल्या गावातून आणि सिनेमातूनही दिला गेलाच ना? अखेर 2015 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की बलात्काराच्या खटल्यात तडजोड किंवा लग्न हा तोडगा असूच शकत नाही. 2021 मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं, की न्यायाधीशांनी अशी लग्नं सुचवू नयेत.

आणि लग्नाच्या आत? अठरा वर्षांवरच्या पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपला फौजदारी कायदा अजूनही बलात्कारात धरत नाही. मात्र 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळही येतो आणि त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. हे आमच्या दहा-बाराजणींत फक्त सिस्टरना माहीत होतं!

मग असं काही लिहूच नये का? तसं मी म्हणत नाही. अत्याचार लिहावा, जरूर लिहावा. त्याशिवाय तो कळणार कसा? पण त्याला अत्याचारच म्हणावं. बाईचा 'नाही' हा पुढच्या मिठीचा मसाला म्हणून वापरू नये. आणि नायकाला पश्चात्ताप झाला, तर माफ करायचं की नाही हे तिला ठरवू द्यावं. लेखकाने परस्पर माफ करून टाकू नये.

उठताना ती नवी सून हळूच म्हणाली, "काकू, तिने शेवटी घर सोडलं असतं तर?" सिस्टर हसल्या, "मग मीसुद्धा वाचलं असतं ते पुस्तक."

पुस्तक परत करताना ग्रंथपालबाईंनी सवयीने खोडरबर काढलं. आम्ही म्हटलं, राहू द्या. पुढची वाचेल तेव्हा तिला कळू दे, की असं वाटणारी ती एकटी नाही.

तुमच्याही हाती असं एखादं पुस्तक आलं होतं का? तेव्हा काय वाटलं आणि आज काय वाटतं? जरूर कळवा.