घरावर सोलर बसविण्यापूर्वी

उसाचं बिल हाती आलं की यंदा घरावर सोलर बसवू, असा बेत पुष्कळ सभासद बंधु-भगिनी करतात. बेत चांगला आहे. पण पैसे मोजण्याआधी काही गोष्टी पक्क्या कराव्यात, असे आम्ही सुचवितो.

प्रथम वर्षभराची वीजबिले काढा. एक किलोवॅटचा संच स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ४ युनिट वीज देतो. महिन्याला दोनशेच्या आसपास युनिट जळत असतील, तर दोन किलोवॅट पुरे. शेजाऱ्यानं पाच बसविले म्हणून आपण बसवू नयेत. किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे हवे. झाडाची, टाकीची सावली नको.

दुसरे, लाईट गेली तरी आपल्या घरात उजेड राहील, ही समजूत नेहमीच खरी नव्हे. बिनबॅटरीचा संच लाईनची वीज जाताच भर उन्हातही बंद पडतो. खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसू नये, म्हणून ही व्यवस्था असते. भारनियमनात वीज हवी असेल तर बॅटरी घ्यावी लागेल; तिचा खर्च आधीच विचारा.

२०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० रुपये, तीन व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ठरले. अर्जापूर्वी चालू नियम पाहावेत.

गळिताच्या दिवसांत काचेवर काजळी, पाचटाची राख बसते व वीज घटते. सकाळी ऊन चढण्याआधी साध्या पाण्यानं काच पुसावी. विहिरीचं पाणी पाहूनच आपण उसाची लागण करतो. इथंही आधी हिशेब, मग खर्च.