वायफायचा संकेतशब्द आणि गृहस्थधर्म

गृहस्थाच्या घरास दारें किती, हा प्रश्न पूर्वीं कोणी विचारला असता तर त्याचें उत्तर बोटांवर मोजून देतां आलें असतें. पुढचें दार, मागचें दार, फार तर परसांत उघडणारें एखादें लहान दार. आणि रात्रीं निजावयास जाण्यापूर्वीं घरांतील वडील माणसानें ह्या सर्वांच्या कड्या नीट लागल्या आहेत कीं नाहींत हें पाहावें, असा आपल्याकडील परिपाठ. अलीकडे मात्र बहुतेक सुशिक्षित घरांस आणखी एक दार फुटलें आहे. त्यास चौकट नाहीं, उंबरठा नाहीं, आणि कडी लागली आहे कीं नाहीं हें डोळ्यांस दिसत नाहीं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत दोन-चार दिवे लुकलुकवीत बसलेली जी लहानशी पेटी, जिला राऊटर म्हणतात, तेंच हें दार होय. आणि त्याची कडी म्हणजे वायफायचा संकेतशब्द, ज्यास मुलें पासवर्ड म्हणतात. ही कडी केव्हां व कशी बदलावी, आणि ती बदलतांना शेजारधर्म कसा सांभाळावा, ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें कळंब हें इंदापूर तालुक्यांतील गांव. नीरेच्या डाव्या कालव्यानें बारामती-इंदापूरच्या ह्या मुलखाचें रूप पालटून टाकिलें, हें सर्वांस विदित आहे. त्यामुळें पाणी वांटून घेणें म्हणजे काय, हें येथील लहान मुलासही सांगावें लागत नाहीं. कालव्यांतून चारी निघते, चारीचें दार उघडलें म्हणजे पाणी शेतांत येतें, आणि रात्रीं कोणी चारी फोडली तर पाळी ज्याची असेल त्याचा ऊंस कोरडा राहतो. इंटरनेटचें तंतोतंत असेंच आहे. तारेंतून घरांत येणारा प्रवाह ठराविक. तो चार फोनांत वांटला गेला तर पुरतो, चौदांत वांटला गेला तर नातीचा शिकवणीचा वर्ग मध्येंच थांबतो. परंतु हें नुकसान त्यांतल्या त्यांत लहान. मोठें नुकसान निराळें आहे, व तेंच सांगण्यासाठीं हा लेख.

तत्पूर्वीं अडचणीची बाजू सांगितली पाहिजे. गांवांत वायफायला नाहीं म्हणणें म्हणजे पाण्याला नाहीं म्हटल्यासारखें वाटतें. सरकारनें २०२१ सालापासून ई-पीक पाहणी सुरू केली. शेतकऱ्यानें आपल्या पिकाची नोंद स्वतःच मोबाईलवरून करावयाची. तेव्हां एखादा शेजारी ओसरीवर येऊन म्हणतो, "गुरुजी, तेवढा पासवर्ड सांगा की. पिकाचं फोटो काढल्यात, पर वर चढंना झाल्यात." आतां त्यास काय सांगावें? त्याचें काम खरें आहे, निकडीचें आहे. संकेतशब्द सांगितला जातो. दुसऱ्या दिवशीं तो त्याच्या मुलास ठाऊक होतो, आठवड्यानें मुलाच्या मित्रांस. कारण एकदां जोडलेला फोन तो शब्द आपल्या पोटांत ठेवतो, आणि हल्लींचे फोन तर त्याचें चौकोनी चित्र काढून दुसऱ्यास देऊंही शकतात. घरांत मुंज किंवा लग्न निघालें तर पाहुण्यांपैकीं प्रत्येकास तो शब्द पाठ होतो. ह्यांत कोणाचाही हेतु वाईट नसतो. तथापि महिन्या-दोन महिन्यांत आपल्या घराची किल्ली किती जणांच्या खिशांत आहे, हें यजमानास सांगतां येत नाहीं, एवढें खरें.

त्याचा परिणाम किती दूरवर जातो, हें आपल्याच महाराष्ट्रानें पाहिलें आहे. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत एकामागून एक बाँबस्फोट झाले व पन्नासांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. स्फोटांच्या कांहीं मिनिटें आधीं वृत्तवाहिन्यांस धमकीचें ईमेल पोंचलें होतें. तें कोठून निघालें ह्याचा माग काढीत पोलिस आले ते नवी मुंबईंत, सानपाडा येथील एका सदनिकेच्या दाराशीं. तेथें एक अमेरिकन गृहस्थ सहकुटुंब राहत होते. त्यांच्या घरच्या वायफायला कडी नव्हती, आणि कोणी तिऱ्हाइतानें त्यांतून तें पत्र धाडिलें होतें. गृहस्थ निरपराध, परंतु चौकशी, यंत्रांची जप्ती व जगभर झालेला गवगवा हें सर्व त्यांच्या वाट्यास आलें. पुढल्याच महिन्यांत तसेंच पत्र माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जाळ्यांतून गेलें, आणि १३ सप्टेंबर २००८ च्या दिल्लींतील स्फोटांच्या वेळचें पत्र चेंबूर येथील एका खाजगी कंपनीच्या वायफायमधून निघालें. ह्या प्रकारांनंतर २००९ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यानें उघड्या वायफायविषयीं कंपन्यांस सूचना काढिल्या.

असें कां होतें? बाहेरच्या जगास आपल्या घरांतील निरनिराळे फोन दिसत नाहींत. दिसतो तो जोडणीचा पत्ता. पोलिस कंपनीस विचारतात कीं अमुक वेळीं हा पत्ता कोणाकडे होता, आणि कंपनी ज्याच्या नांवानें देयक निघतें त्याचें नांव सांगते. संस्कृत नाटकांचा परिचय असलेल्या वाचकांस येथें विशाखदत्ताचें मुद्राराक्षस आठवल्यावांचून राहणार नाहीं. अमात्य राक्षसाचें कुटुंब चंदनदासाच्या आश्रयास राहिलेलें. एक लहान मूल खेळतां खेळतां दाराबाहेर डोकावतें, त्यास आंत ओढून घेतांना स्त्रीच्या बोटांतून पुरुषाच्या मापाची सैल मुद्रिका गळून पडते, ती हेराच्या पायाशीं गडगडत येते, आणि तेथून चाणक्याच्या हातीं जाते. पुढें त्याच मुद्रेनें मोहोरबंद केलेलें खोटें पत्र राक्षसाचा घात करितें. राक्षसानें तें पत्र लिहिलें नव्हतें. मोहोर मात्र त्याचीच होती. आपल्या राऊटरचा संकेतशब्द ही अशीच मुद्रा आहे. तिनें उमटलेल्या प्रत्येक अक्षरावर घराचें नांव असतें. म्हणून ती जपणें व गहाळ झाल्याचा संशय येतांच बदलणें, ह्यांत कृपणपणा नाहीं, शेजाऱ्यावर अविश्वासही नाहीं. हा निव्वळ गृहस्थधर्म होय.

आतां शब्द कसा असावा तें पाहूं. पुष्कळ घरांत आपलाच दहा आंकडी मोबाईल क्रमांक संकेतशब्द म्हणून ठेवितात. गणिताची थोडी आवड असणाऱ्यांनीं हिशेब करून पाहावा. आपल्याकडील मोबाईल क्रमांक सहा, सात, आठ किंवा नऊ ह्यांनीं सुरू होतात. म्हणजे एकंदर क्रमांक झाले ४०० कोटी. संख्या मोठी दिसते खरी. परंतु राऊटर व फोन ह्यांची जोडणी होतांना जी देवघेव होते ती दुरून टिपून ठेविली, तर चांगला संगणक घरीं बसून सेकंदास चार लाख शब्द सहज ताडून पाहतो. ४०० कोटींस चार लाखांनीं भागिलें म्हणजे १०,००० सेकंद, अर्थात् तीन तासांच्या आंत काम खलास. आणि ज्याला आपला क्रमांक ठाऊकच आहे, त्यास तेवढेही श्रम नकोत.

उलट, शब्दकोशांतून डोळे मिटून पानें उघडून चार साधे शब्द उचलावे: समजा उखळ, वेलदोडा, पंचांग, होडी. पांच हजार शब्दांतून असे चार निवडले तर त्यांचे प्रकार ६२५ लाख कोटी होतात, आणि त्याच वेगानें सगळे ताडून पाहण्यास सुमारें ४९ वर्षें लागतील. पांचवा शब्द जोडला तर हीच मुदत अडीच लाख वर्षांच्या घरांत जाते! शब्द इंग्रजी लिपींत लहान अक्षरांनीं सलग लिहावे; अशा संकेतशब्दास कमींत कमी ८ व जास्तींत जास्त ६३ अक्षरें चालतात. मात्र वर दिलेले चार शब्द छापले गेल्यामुळें आतां निकामी झाले, हें लक्षांत असूं द्यावें. कुलदैवताचें नांव, नातवाची जन्मतारीख, किंवा सर्वांस मुखोद्गत असलेल्या स्तोत्राचा आरंभ हेंही टाळावें. पाठ असणें हा गुण खरा. पण तो सर्वांनाच पाठ असला म्हणजे गुणाचा दोष होतो.

बदलण्याची कृति अशी. राऊटर उलटा करून पाहिला असतां खालीं एक चिठ्ठी आढळते. तीवर जाळ्याचें नांव, मूळचा संकेतशब्द आणि राऊटरच्या सेटिंगचा पत्ता असतो. हा पत्ता पुष्कळदां १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. घरच्या वायफायला जोडलेल्या फोनवर अथवा संगणकावर ब्राउझर उघडून, ज्या पट्टींत संकेतस्थळाचें नांव लिहितात तेथें हा पत्ता इंग्रजी आंकड्यांनीं घालावा. मग तें पान नांव व गुप्तशब्द विचारतें. तेही बहुधा चिठ्ठीवरच असतात. आंत गेल्यावर 'वायरलेस' अथवा 'डब्ल्यूलॅन' असें प्रकरण शोधावें, त्यांत 'सिक्युरिटी' पाहावी. कुलुपाचा प्रकार 'डब्ल्यूपीए टू' किंवा 'डब्ल्यूपीए थ्री' असावा. ह्यांपैकीं पहिला २००४ सालचा व दुसरा २०१८ सालचा. 'वेप' नांवाचें जुनें कुलूप २००१ सालींच संशोधकांनीं फोडून दाखविलें आहे, तें दिसल्यास ताबडतोब सोडावें. नंतर नवा शब्द लिहून 'सेव्ह' करावें. राऊटर २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालत असेल तर दोन्हींकडे बदल करावा.

शब्द बदलतांच घरांतील सर्व फोन, संगणक व दूरचित्रवाणी संच तुटतात. ह्यानें घाबरूं नये. कडी नवी लागल्याची तीच खूण होय. प्रत्येक यंत्रांत जुनें जाळें विसरावयास सांगून नवा शब्द घालावा.

एवढ्यावर थांबूं मात्र नये. सेटिंगच्या पानाचा जो स्वतंत्र गुप्तशब्द, तोही बदलावा. कारण पुष्कळ राऊटरांत तो कारखान्यांतून 'अॅडमिन' असाच येतो. २०१६ सालीं 'मिराई' नामक उपद्रवी प्रोग्रॅमनें असल्या साठ-बासष्ट ठरीव जोड्या वापरून जगभरचे कॅमेरे व राऊटर आपल्या ताब्यांत घेतले, आणि त्यांच्या सैन्यानें त्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें बंद पाडिलीं. त्याचप्रमाणें 'डब्ल्यूपीएस' ही बटन दाबून जोडण्याची सोय असल्यास ती बंद ठेवावी. सेटिंगचें पान उघडेचना, तर इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस फोन करावा. राऊटरच्या पाठीमागील बारीक भोंकांत टांचणी खुपसून तो मूळपदावर आणण्याचा मोह मात्र आवरावा. फायबरच्या जोडणींत त्यानें कंपनीची मांडणीच पुसली जाऊन घरचें इंटरनेट बंद पडण्याचा संभव असतो.

मग ओसरीवर आलेल्या शेजाऱ्याचें काय? त्याचीही सोय आहे. बहुतेक नव्या राऊटरांत 'गेस्ट नेटवर्क' म्हणजे पाहुण्यांचें निराळें जाळें उघडतां येतें. त्यास वेगळें नांव, वेगळा शब्द. पाहुणा त्यावरून आपलें काम उरकतो. घरच्या संगणकांपर्यंत व कागदपत्रांपर्यंत त्याची वाट सहसा जात नाहीं. आपल्या जुन्या वाड्यांत आल्या-गेल्यास ओसरी मोकळी असे, माजघर नसे. त्यांतलाच हा प्रकार. तथापि ओसरीवरून गेलेलें पत्रही घराच्याच पत्त्यावरून जातें. म्हणून हा पाहुण्यांचा शब्द अधिक वेळां बदलावा व काम नसेल तेव्हां तें जाळें बंद ठेवावें. इतकें केलें म्हणजे पिकाचे फोटोही वर चढतात आणि मुद्राही बोटांत राहते.

घरचा मुख्य शब्द दर महिन्यास बदलण्याची गरज नाहीं. वारंवार बदलावयास लाविलें म्हणजे माणसें सोपे शब्द ठेवूं लागतात. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें २०१७ सालीं केवळ मुदत भरली एवढ्यासाठीं गुप्तशब्द बदलण्याची सक्ती करूं नये असा अभिप्राय दिला. बदलावयाचा तो कारणानें: राऊटर नवा आला, भाडेकरू सोडून गेला, फोन हरवला, कार्य उरकून पाहुणे पांगले, किंवा सेटिंगच्या पानावरील जोडलेल्या यंत्रांच्या यादींत अनोळखी नांव आढळलें.

शेवटीं एक सूचना, आणि ती विशेषेंकरून वडील मंडळींस व गृहिणींस. पुष्कळ घरांत ही सारी विद्या पुण्यास, बेंगळुरास किंवा परदेशांत असलेल्या चिरंजिवांच्या डोक्यांत असते. राऊटर कळंबास आणि त्याची किल्ली कॅलिफोर्नियांत! रात्रीं-अपरात्रीं कांहीं बिघडलें तर घरच्या दोघां म्हाताऱ्यांनीं काय करावें? म्हणून चिरंजीव सुटींत येतील तेव्हां हा पालट त्यांच्या देखत पण आपल्या हातानें करावा, एकदां यजमानानें व एकदां यजमानीणबाईंनीं. दोन्ही शब्द वहींत सुवाच्य अक्षरांत लिहावे, बदलल्याची तिथि घालावी, आणि ती वही दागिन्यांच्या व घराच्या कागदांच्या शेजारीं कपाटांत ठेवावी. ओसरीच्या भिंतीवर चिकटवूं नये, इतकेंच.