मुलांचें हृदय : वेळींच पारख, वेळींच उपाय

सुटीच्या दिवशीं सकाळीं पर्वतीच्या पायऱ्या चढणारीं मुलें पाहावीं. बहुतेक धावत वर जातात. एखादें मात्र मध्येंच थांबतें, त्याचे ओठ निळसर दिसूं लागतात आणि तें उकिडवें बसतें. "जरा नाजूक आहे," असें म्हणून घरचीं माणसें पुढें होतात. कोणी दृष्ट काढतें, कोणी टॉनिकची बाटली आणतें. परंतु त्या उकिडवें बसण्यास अर्थ आहे. फालो या फ्रेंच वैद्यानें १८८८ सालीं ज्याचें सविस्तर वर्णन केलें, त्या हृदयविकारांत असें बसल्यानें फुप्फुसांकडे अधिक रक्त जातें व मुलास हुशारी वाटते. मुलानें आपला उपाय आपणच शोधलेला असतो. त्याचें कारण शोधणें हें वडील माणसांचें काम आहे.

मुलांचे हृदयविकार दोन प्रकारचे : जन्मजात व मागाहून जडलेले. जन्मजात दोष हजार बालकांमागें सुमारें आठ-नऊ जणांत आढळतो. गर्भांत फुप्फुसांचें काम सुरू झालेलें नसतें, म्हणून रक्तास दोन आडवाटा ठेवलेल्या असतात. जन्मानंतर त्या बुजतात. त्यांतील एखादी उघडी राहिली, अथवा हृदयांतील पडदा अपुरा राहिला, तर शुद्ध झालेलें रक्त पुनः फुप्फुसांकडे वळतें आणि हृदयावर दुहेरी भार पडतो. कांहीं दोषांत अशुद्ध रक्त शुद्ध रक्तांत मिसळतें व मूल निळें दिसतें.

अशा तान्ह्या मुलाला दूध पितांनाच दम लागतो, कपाळावर घाम येतो; श्वास जलद चालतो, वजन वाढत नाहीं, न्यूमोनिया वरचेवर होतो. थंडीनें हातपाय निळे पडणें निराळें. जीभ निळी दिसल्यास मात्र त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

डॉक्टर नळी लावून हृदयाचे ठोके ऐकतात. ठोक्यांबरोबर निराळा आवाज आला म्हणजे रोग आहेच, असें नाहीं. पुष्कळ निकोप मुलांतही तो ऐकूं येतो. अशा मुलास धाकानें खेळापासून दूर ठेवणें हाही अन्यायच. निर्णय ध्वनिलहरींच्या तपासणीनें, म्हणजे 'इको'नें होतो. १९५३ सालीं स्वीडनमध्यें एडलर व हर्ट्झ यांनीं सुरू केलेल्या या पद्धतीनें हृदयाच्या झडपा व पडदे सुई न टोंचतां पाहतां येतात.

बॉस्टन येथें रॉबर्ट ग्रॉस यांनीं १९३८ सालीं एका सात वर्षांच्या मुलीची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधली, तेव्हांपासून ही विद्या फार पुढें गेली आहे. खालच्या कप्प्यांमधील लहान छिद्रें अनेकदां आपोआप बुजतात. तेथें नियमित तपासणी पुरते. कांहीं छिद्रें जांघेंतील रक्तवाहिनींतून बारीक नळी नेऊन बंद करतां येतात. उरलेल्यांस शस्त्रक्रिया लागते. "मूल जरा मोठें होऊं द्या," हा सल्ला मात्र डॉक्टरांनींच द्यावा, शेजाऱ्यांनीं नव्हे. मोठ्या छिद्राच्या दाबानें फुप्फुसांतील रक्तवाहिन्या एकदां कायमच्या जाड झाल्या, कीं पुढें छिद्र बुजविणेंही घातक ठरतें.

दुसरा विकार घशांतून येतो. जंतूंनीं घसा सुजतो व बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनीं ताप येऊन आज गुडघा तर उद्यां घोटा सुजतो. खेळून पाय दुखत असतील, असें घरीं वाटतें. हा संधिवाताचा ताप पांच ते पंधरा वर्षांच्या मुलांस विशेष येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा बिघडूं शकतात. तो उलटूं नये म्हणून साधारणतः दर तीन-चार आठवड्यांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन वर्षानुवर्षें घ्यावें लागतें. मूल हिंडूं-फिरूं लागलें म्हणून तें थांबवूं नये.

खर्चाच्या भीतीनेंही उशीर होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ सालीं आपल्या महाराष्ट्रांतच, पालघर येथें झाला. त्याचीं पथकें अंगणवाडींत वर्षांतून दोनदां व सरकारी शाळांत एकदां मुलें तपासतात. दोष आढळल्यास पुढील उपचारांची सोयही त्यांत आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेंतही मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. खासगी शाळेंत हें पथक येईलच असें नाहीं. तेथें आईबापांनीं व वर्गशिक्षकांनींच लक्ष ठेवावें. खेळाच्या तासाला भिंतीशीं बसून राहणारें मूल आळशीच असतें असें नाहीं. त्याच्याविषयीं शाळेंतून चिठ्ठी आली, तर ती कपाटांत न ठेवतां त्याच आठवड्यांत डॉक्टरांना दाखवावी.