कुतचा वेढा आणि आपल्याकडची पोरं

लोट्यात दुसरी पाळी सुटली की एमआयडीसीच्या बसमध्ये हेडफोन लावून आपलं पॉडकास्ट ऐकणारे बरेच आहात, हे मला तुमच्या मेसेजवरून कळतं. आजचा भाग तुमच्यासाठीच, कारण गोष्ट आखाताची आहे. आपल्या खेड-चिपळूणकडची माणसं आखातात जातात, यात नवीन काही नाही. पण शंभर वर्षांपूर्वीही गेली होती. खांद्यावर बंदूक घेऊन.

1914 ला पहिलं महायुद्ध पेटलं. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरलं आणि इंग्रजांना इराणच्या तेलाची काळजी लागली. म्हणून नोव्हेंबरमध्ये हिंदुस्थानातून फौज पाठवून त्यांनी बसरा घेतलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण बगदाद दिसायला लागलं! जनरल टाउनशेंडची सहावी पुणे डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने वर गेली, नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे मार खाऊन मागे फिरली, आणि कुत नावाच्या गावात अडकली. तुर्कांनी वेढा घातला.

या डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. मराठा पलटणींची भरती व्हायची कोकणातून आणि घाटावरून. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात शेती पोटापुरती पिकायची नाही. एक भाऊ मुंबईला गिरणीत, एक पलटणीत, आणि घर चालायचं मनीऑर्डरवर.

वेढा जवळजवळ पाच महिने चालला. आता इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण ती मला सगळ्यात विलक्षण वाटते. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. आपल्यातले बहुतेक नाही म्हणाले. धर्म जाईल, गावात परत घेणार नाहीत, ही भीती. मग झालं काय, की मांस आणि ताजी भाजी दोन्ही नसल्याने आपल्या शिपायांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजायच्या, जखमा भरायच्या नाहीत. आणि गोऱ्यांना? त्यांना मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी झाला, जो कणीक आणि डाळ खाणाऱ्या आपल्या माणसांना झाला नाही. एकाच गावात, एकाच वेढ्यात, ताटाप्रमाणे आजार! शेवटी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून मांस खायला हरकत नाही असे निरोप आले. तोवर फार उशीर झाला होता.

विमानातून पोती टाकून पाहिली. सोडवायला आलेल्या फौजेची हजारो माणसं वाटेतच पडली. 29 एप्रिल 1916 ला टाउनशेंड शरण गेला. सुमारे 13,000 माणसं कैद झाली. साहेबाला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना उन्हात वाळवंटातून चालवत नेलं आणि पुढे रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो परत आले नाहीत.

आता स्मारकाचं. इराकमध्ये बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावं कोरली. आपल्या साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली फक्त आकडा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने 2021 मध्ये या भेदभावाबद्दल माफी मागितली.

पण नावं पुसली गेलेली नाहीत. कमिशनच्या वेबसाइटवर ती शोधता येतात, फोनवरूनच. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळा. कारकुनांनी स्पेलिंग ऐकून ठोकलेली आहेत, त्यामुळे गावाचं नाव चार तऱ्हांनी टाकून बघा. आणि नुसतं खेड टाकू नका, पुण्याचं खेडही येतं. सोबत रत्नागिरी टाका.

आपल्या गावचं कोणी सापडलं, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा आणि मग मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ती ऐकू.